कियोसातो: भात न पिकणाऱ्या माळावरची शेतशाळा

तोक्योच्या शिंजुकु स्टेशनवर चुओ मार्गाची एक्स्प्रेस पकडली की साधारण दोन तासांत कोबुचिझावा येतं. तिथे उतरायचं आणि कोउमी मार्गाच्या छोट्या गाडीत बसायचं. खिडकीची जागा मिळाली तर बाहेर भातखाचरांवर लक्ष ठेवावं. कोबुचिझावाच्या आसपास ती दिसतात. स्टेशन सुटलं की गाडी मोठं वळण घेत चढू लागते, काइकोमा शिखराचा टोकदार माथा वर येतो आणि हळूहळू झाडी दाट होत जाते. खाचरं विरळ होतात, आकाराने लहान होतात आणि संपतात. साडेसतरा किलोमीटरांत जवळजवळ ३९० मीटर चढून गाडी कियोसातोला पोचते, तेव्हा आपण १,२७५ मीटर उंचीवर असतो.

यामानाशी प्रांताच्या उत्तर टोकाला, यात्सुगाताके या ज्वालामुखी पर्वतरांगेच्या उतारावर हे गाव वसलेलं आहे. रांगेतलं सर्वांत उंच शिखर आकादाके, २,८९९ मीटरचं. स्टेशनपासून दोनेक किलोमीटर वर, उतरत्या कुरणांच्या कडेला सेइसेन-र्यो नावाचं निवासस्थान आहे. त्याच्या आजूबाजूला गोठे, जंगल, एक चर्च, छोटी संग्रहालयं असा पसारा आहे. हे सगळं चालवणाऱ्या संस्थेला ‘कीप’ म्हणतात. कियोसातो शैक्षणिक प्रयोग प्रकल्प, या अर्थाच्या इंग्रजी नावाची ती आद्याक्षरं. बहुतेक पाहुणे इथे येतात ते डोंगर बघायला आणि जर्सी गाईच्या दुधाचं सॉफ्ट आईस्क्रीम खायला. दोन्ही कारणं चांगलीच आहेत. पण ही जागा चालते कशी, हे समजून घेत फिरलं तर ती कितीतरी जास्त उलगडते. त्यासाठी सुरुवात भातापासूनच करावी लागते.

महाबळेश्वरही साधारण याच उंचीचं ठिकाण. पण महाबळेश्वर १८ अंश अक्षांशावर आहे आणि कियोसातो जवळजवळ ३६ अंशांवर. इथे जानेवारीच्या रात्री पारा उणे दहाच्या खाली जाणं नेहमीचं, आणि भर ऑगस्टमध्येसुद्धा दिवसरात्रीची सरासरी वीस अंशांच्या आसपासच राहते. भाताचं रोप एवढ्या थंडीत उभं राहू शकतं, पण पीक पोटरीत असताना काही रात्री गारठ्याच्या गेल्या तर परागकण धड तयार होत नाहीत. रोपं हिरवीगार दिसतात, लोंब्याही बाहेर पडतात, दाणे मात्र पोचट निघतात. शेतकऱ्याला हे कळेपर्यंत हंगाम संपलेला असतो.

मातीची अडचण वेगळीच. ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेली इथली माती काळी, भुसभुशीत, हातात घेतली तर हलकी लागते. बघणाऱ्याला वाटावं की यात काहीही पिकेल. प्रत्यक्षात ती आम्लधर्मी असते आणि तिच्यातलं ॲल्युमिनियम स्फुरदाला घट्ट धरून ठेवतं. खत घातलं तरी त्यातलं स्फुरद पिकाच्या मुळांपर्यंत फारसं पोचत नाही. अशा जमिनीला चुना लागतो, स्फुरद भरपूर लागतं आणि सगळ्यांत जास्त लागतं शेणखत, तेही वर्षानुवर्षं. म्हणजे धान्य पिकवायचं असेल तर आधी जनावरं हवीत. आणि ज्याच्याकडे खायलाच नाही, तो जनावरं आणणार कुठून?

१९३८ साली हा प्रश्न काही कुटुंबांपुढे अगदी उघडावाघडा उभा राहिला. तोक्योची तहान भागवण्यासाठी तामा नदीवर ओगोउची धरण बांधायचं ठरलं होतं आणि त्याच्या पाण्याखाली वस्त्या जाणार होत्या. यामानाशीच्या ताबायामा आणि कोसुगे या गावांतली २८ कुटुंबं उठून कियोसातोच्या माळावर आली. रेल्वे तेवढी इथे आधीच, १९३३ साली पोचलेली होती. बाकी झाडंझुडपं, खडक आणि थंडी. पहिले हिवाळे त्यांनी तात्पुरत्या झोपड्यांत काढले. झाडं तोडायची, मुळं उपटायची, दगड वेचायचे आणि जे उगवेल ते खायचं. ते धरण मधल्या युद्धामुळे रखडून १९५७ साली पुरं झालं. त्याचा जलाशय आज ओकुतामा सरोवर म्हणून सहलीचं ठिकाण झाला आहे आणि तोक्योला अजूनही पाणी देतो. कियोसातोला जाणाऱ्याने ही गोष्ट माहीत करून घेतली पाहिजे असं मला फार वाटतं. ज्या माळावर आपण फोटो काढत फिरतो, तो विस्थापितांनी हाताने मोकळा केलेला आहे.

योगायोग असा की त्याच १९३८ साली याच उतारावर एक लाकडी इमारत उभी राहिली. ती बांधवून घेणारा पॉल रश हा अमेरिकी गृहस्थ, १८९७ सालचा जन्म, वाढलेला केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहरात. १९२३च्या महाभूकंपात तोक्यो आणि योकोहामा उद्ध्वस्त झाल्यावर वायएमसीएच्या पुनर्बांधणीच्या कामासाठी तो १९२५ साली जपानला आला. थोड्या मुदतीसाठी आलेला हा माणूस रिक्क्यो विद्यापीठात शिकवू लागला आणि तिथेच रमला. तोक्योच्या सेंट ल्यूक रुग्णालयासाठी त्याने निधी गोळा केला. विद्यार्थ्यांमध्ये अमेरिकन फुटबॉल रुजवला. जपानमधल्या त्या खेळाचा पाया घालणाऱ्यांत त्याचं नाव घेतात, आणि दरवर्षीच्या ‘राइस बोल’ सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूला आजही त्याच्या नावाचा करंडक मिळतो. सेइसेन-र्यो त्याने बांधलं ते ख्रिस्ती तरुण कार्यकर्त्यांच्या उन्हाळी शिबिरांसाठी. तेव्हा शेतीशी त्याचा काही संबंध नव्हता. शेजारी विस्थापित माणसं जमिनीशी झगडत होती आणि वरच्या अंगाला शहरातली मुलं शिबिराला येत होती.

मग युद्ध आलं. पर्ल हार्बरनंतर रशला स्थानबद्ध केलं गेलं आणि १९४२ साली मायदेशी धाडलं. १९४५ साली तो जपानचा ताबा घेतलेल्या सैन्याचा अधिकारी म्हणून परतला, तेव्हा त्याने पाहिलेला जपान उपाशी होता. डोंगरातल्या खेड्यांची दशा तर विचारू नये. नुसती शिबिरं घेऊन या लोकांचं काही भलं होणार नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. १९४८ साली कीपची स्थापना झाली ती या जाणिवेतून. अन्न, आरोग्य, श्रद्धा आणि तरुणांना उमेद, अशी चार उद्दिष्टं ठरली. चर्च उभं राहिलं, दवाखाना सुरू झाला, वाचनालय आलं, पाळणाघर आलं, आणि अमेरिकेतल्या देणगीदारांच्या मदतीने जनावरं आणि यंत्रं आली. रश वर्षानुवर्षं अमेरिकेत फिरून पैसे जमवत राहिला. काहीही करा, जीव ओतून करा आणि ते पहिल्या प्रतीचंच झालं पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. त्याचं ते वाक्य आजही इथे जागोजागी वाचायला मिळतं.

या प्रयोगाचं मर्म मला वाटतं ते असं. जपानी खेड्याचं सगळं आयुष्य भाताभोवती गुंफलेलं. खाणं, सण, जमिनीची किंमत, गावातली पत, सगळं. भात पिकत नाही त्या गावाला गरीब म्हणायचं, अशीच रीत होती. कीपने भाताचा नाद सोडून दिला आणि या उंचीला, या थंडीला काय मानवतं ते शोधलं. गवताला थंडी मानवते. गवतावर गाय जगते. गाईचं दूध मुलांच्या पोटात जातं आणि शेण मातीत. माती सुधारली की कोबी, लेट्यूस अशा थंड हवेच्या भाज्या येतात, आणि खालची शहरं उन्हाळ्यात उकडत असताना या भाज्यांना बाजारात चांगला भाव मिळतो. साखळीतली एकही कडी नवी शोधलेली नव्हती. पण जपानमध्ये इतक्या उंचीवर, दूध पिण्याची फारशी सवय नसलेल्या लोकांत, ती बसवून दाखवणं हे मोठं काम होतं.

गाई निवडल्या त्याही विचारपूर्वक. जपानमधल्या दुभत्या गाई जवळजवळ सगळ्या काळ्या-पांढऱ्या होल्स्टीन, शेकड्यात एखादीच जर्सी. जर्सी हे नाव महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळीकांचनला सुरू केलेल्या ‘बाएफ’ने जर्सी आणि होल्स्टीनच्या रेतनातून संकरित गाई गावोगावी पोचवल्या. म्हणून आपल्याकडे शेतकरी ज्या गाईला जर्सी म्हणतो ती बहुतेक वेळा संकरित असते. कियोसातोच्या गोठ्यात दिसते ती मूळ जातीची. अंगाने लहान, चारशे किलोच्या आसपास. होल्स्टीन सहा-सातशे किलोची असते. रंग हरणासारखा तांबूस, नाकपुड्या काळ्या आणि त्यांच्याभोवती पिठात तोंड घातल्यासारखी पांढरी कड. डोळे मोठे आणि जरा बाहेर आलेले. कुंपणापाशी माणूस उभा राहिला की ती चरणं सोडून बघायला येते. होल्स्टीनपेक्षा जर्सी जास्त चौकस असते असं पाळणारे सांगतात, आणि इथे तासभर कुंपणाला टेकून उभं राहिलं तर ते पटतं.

डोंगरउताराला हलकी गाय बरी. तिच्या खुरांनी ओली जमीन कमी उखडते आणि तिला वैरणही कमी लागते. दूध होल्स्टीनपेक्षा कमी देते, पण त्यात स्निग्धांश पाच टक्क्यांच्या आसपास असतो आणि प्रथिनंही जास्त असतात. गवतातलं कॅरोटीन दुधात उतरतं म्हणून साय पिवळसर दिसते. लहान शेताने मोठ्या डेअऱ्यांशी लिटरच्या भावात स्पर्धा करू नये, दाट दुधाचा पदार्थ करून तो जागेवरच विकावा, हे गणित इथे पक्कं बसलं. उन्हाळ्यात गाई कुरणावर चरतात. हिवाळ्यासाठी गवत कापून, काही वाळवून आणि काही मुरघास करून ठेवायचं. गवताचे गुंडाळे प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून शेताच्या कडेला मांडलेले दिसतात, तो मुरघासच. हवा लागली नाही की गवत आंबतं आणि महिनोन्‌महिने टिकतं.

आता सॉफ्ट आईस्क्रीम. सुट्टीच्या दिवशी त्यासाठी लांब रांग लागते. ते चविष्ट का लागतं, याचं कारण यंत्रात आहे. नेहमीचं आईस्क्रीम घुसळून झाल्यावर उणे वीस अंशांच्या खाली गोठवून ठेवतात. सॉफ्ट आईस्क्रीममध्ये गोठवण्याची ती पायरी गाळतात. दुधाचं मिश्रण यंत्रात थंड होत असतानाच त्यात हवा घुसळली जाते आणि उणे पाच-सहा अंशांवर ते थेट कोनात पडतं. जीभ बधिर होण्याइतकं ते गार नसतं, म्हणून दुधाची चव लगेच कळते. दूध पातळ असेल तर तेही लगेच कळतं. यात लबाडीला जागा कमी. कोन हातात घेऊन पायऱ्यांवर बसावं, समोर कुरण उतरत जातं आणि हवा स्वच्छ असेल तर दक्षिणेला फुजी दिसतो. ऊन असेल तर मात्र आधी खाऊन घ्यावं, मग फुजी बघावा; ते फार भराभर वितळतं.

गोठ्याविषयी एक सूचना भारतातून जाणाऱ्यांनी गंभीरपणे घ्यायला हवी. जपान लाळ्या-खुरकूत रोगापासून स्वतःला फार कसोशीने जपतं. २०१० साली मियाझाकी प्रांतात हा रोग शिरला तेव्हा सुमारे २ लाख ९० हजार जनावरं मारावी लागली. आपल्याकडे हा रोग अजून आहे, आणि त्याचा विषाणू बुटांच्या तळव्याला, कपड्यांना चिकटून प्रवास करू शकतो. म्हणून परदेशातून येऊन आठवडा झाला नसेल तर जनावरांच्या आवारात न जाण्याचा दंडक जपानी पशुपालक पाळतात. गावी गोठ्यात घातलेले बूट घेऊन जाऊ नयेत. मांसाचे पदार्थ सामानात ठेवू नयेत. विमानतळावर शेताविषयी प्रश्न विचारला तर खरं उत्तर द्यावं. शेतावर जंतुनाशकाच्या तबकात पाय बुडवायला सांगतात, तिथे तो नीट बुडवावा, आणि ‘इथून पुढे जाऊ नका’ अशी पाटी असेल तर थांबावं. कुंपणाबाहेरून गाई मनसोक्त बघता येतात. पाहुणा म्हणून आपण त्या जनावरांना देऊ शकतो ती सर्वांत मोठी गोष्ट हीच काळजी आहे.

गोठ्यांकडून सेंट अँड्र्यू चर्चकडे चालत जाता येतं. १९४८ साली बांधलेलं हे चर्च बाहेरून दगडी आहे आणि आत तातामी, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या चटया अंथरलेल्या. बूट काढून आत जायचं आणि खाली बसायचं. गावकऱ्यांना जसं बसायची सवय तशी बैठक ठेवायची, हा विचार त्यामागे होता. बाहेरून आलेल्या माणसाने गावाचं ऐकलं होतं, याचा हा धडधडीत पुरावा मला फार मोलाचा वाटतो. रशचं राहतं घरही जपून ठेवलेलं आहे, आणि त्याच्या स्मारकाच्या आवारात जपानच्या अमेरिकन फुटबॉलचं मानदालनसुद्धा आहे. गाई बघायला आलेल्या माणसाला हेल्मेटं आणि चेंडू दिसले की जरा गोंधळायला होतं. रशची सगळी हकिगत वाचली असली की होत नाही.

मूळ सेइसेन-र्यो १९५५ साली आगीत जळालं आणि दोन वर्षांनी पुन्हा उभं राहिलं. दिवाणखान्यात मोठी शेकोटी आहे आणि संध्याकाळी लोक तिच्याभोवती आपोआप गोळा होतात. शेतीचं शिक्षण देणं हे इथलं सुरुवातीचं मोठं काम होतं. आसपासची शेती आपल्या पायावर उभी राहिल्यावर ते मागे पडत गेलं आणि १९८०च्या दशकात संस्थेने पर्यावरण शिक्षण हाती घेतलं. १९८७ साली देशभरातले निसर्ग-शिक्षक इथे एकत्र जमले. त्या बैठकांतून पुढे जपानच्या पर्यावरण शिक्षणाची एक राष्ट्रीय संघटना उभी राहिली. आज शाळांच्या सहली येतात, वाटाडे मुलांना घेऊन जंगलात जातात. हे वाटाडे झाडांची नावं घडाघडा सांगत सुटत नाहीत. रात्रीच्या फेरीत ते टॉर्च विझवायला सांगतात. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीसेक मिनिटं लागतात, तोवर कान काम करू लागतात. मग वाटेची चाहूल पायांनाच लागते. शहरातून आलेली मुलं सुरुवातीला एकमेकांना घट्ट धरून चालतात आणि थोड्या वेळाने हात सोडतात.

जंगल बऱ्याच ठिकाणी लार्चचं आहे. सूचिपर्णी असूनही हे झाड हिवाळ्यात पानं गाळतं. ऑक्टोबरच्या अखेरीपासून सगळा उतार सोनेरी होतो आणि वाऱ्याच्या झुळकीसरशी बोटाच्या पेराएवढ्या पिवळ्या सुया भुरभुर पडत राहतात, केसांत आणि गळपट्ट्यात अडकतात. ही झाडं इतकी रांगेत का दिसतात, तर ती लावलेली आहेत. थंडीत आणि राखेच्या जमिनीत लार्च भराभर वाढतो म्हणून तारांचे खांब आणि खाणींतले टेकू यांच्यासाठी त्याची लागवड झाली. खांब सिमेंटचे झाले, खाणी बंद पडल्या, जंगल उरलं. आता ते विरळ करून मूळची ओक, बर्च अशी झाडं परत येऊ देणं हेही एक कामच आहे. त्यात हरणं फार झाली आहेत आणि कोवळा फुटवा खाऊन टाकतात. जाळीचं कुंपण घातलेला जंगलाचा तुकडा आणि त्याच्या बाहेरचा तुकडा शेजारी शेजारी दिसले तर तिथे थांबून बघावं. आत गुडघाभर झुडपं असतात आणि बाहेर नुसता पालापाचोळा.

याच जंगलात यामाने राहतो. हा जपानखेरीज जगात कुठेही न सापडणारा, मुठीत मावेल एवढा प्राणी. वजन अठरा-वीस ग्रॅम, पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत एक काळा पट्टा, आणि शेपूट खारीसारखी झुबकेदार. १९७५ साली त्याला राष्ट्रीय निसर्गठेव्याचा दर्जा मिळाला. त्याची चालण्याची तऱ्हा बघण्यासारखी आहे. तो फांदीच्या वरून फारसा जात नाही, खालून उलटा लोंबकळत धावतो, आणि तेही असं सुसाट की नजर पोचेपर्यंत पुढच्या झाडावर. त्याचे पाय बाहेरच्या बाजूला वळलेले असतात ते यासाठीच. थंडी पडली की तो शेवाळ आणि सालीचे धागे गुंडाळून त्यात गोळा होऊन झोपतो. शरीराचं तापमान शून्याच्या जवळपास उतरतं, आणि वर्षातला जवळजवळ अर्धा काळ तो असा झोपेत काढतो.

झाडांवर जगणाऱ्या प्राण्याला रस्ता म्हणजे नदीच. जमिनीवर उतरावं तर मांजरं, कोल्हे आणि गाड्या. कियोसातोच्या उतारावरून नवा रस्ता जाणार असं ठरलं तेव्हा इथल्या अभ्यासकांनी प्रशासनाच्या मागे लागून १९९८ साली रस्त्याच्या वरून, झाडाच्या शेंड्यापासून शेंड्यापर्यंत खास यामानेसाठी पूल बांधवून घेतला. लांबून तो महामार्गावरच्या दिशादर्शक फलकाच्या सांगाड्यासारखा दिसतो. जवळ गेलं की दोन्ही टोकांना फांद्यांशी जोडलेले दोर दिसतात. आत लपायला जागा आहे, म्हणजे वरून घुबड आलं तर दडता यावं. तो पूल बराच महागात पडला. म्हणून पुढे बांधकाम कंपन्यांतले अभियंते आणि अभ्यासक एकत्र बसले आणि तारा नि जाळी यांची हलकी, पुष्कळ स्वस्त रचना तयार केली. इथल्याच होकुतो शहराच्या हद्दीत ती बसवली आणि कॅमेरे लावले. यामाने तिच्यावरून जाताना टिपला गेला, खारीही गेल्या. इथल्या यामाने संग्रहालयात हे सगळं समजावून सांगितलेलं आहे. प्रत्यक्ष यामाने दिसण्याची आशा धरू नये. तो निशाचर आहे. पुलाखाली उभं राहून वर बघावं आणि वीसेक ग्रॅमच्या जिवासाठी माणसांनी केलेली खटपट डोळे भरून पाहावी.

खाली स्टेशनजवळ फिरताना कियोसातोचा आणखी एक चेहरा दिसतो. १९८०च्या दशकात हे गाव तरुणींच्या मासिकांमधून गाजलं आणि परीकथेतल्यासारख्या रंगीबेरंगी दुकानांची इथे गर्दी झाली. दुधाच्या किटलीच्या आकाराची एक इमारत तेव्हापासून उभी आहे. तेजी ओसरली तशी अनेक दुकानं बंद झाली आणि बरीच तशीच उभी राहिली. मला ती बघून वाईट वाटतं. वर मात्र गाईंची धार रोज काढली जात होती आणि गवत कापलं जात होतं. गर्दी असो वा नसो, शेताला सुट्टी नसते, आणि कियोसातो आजही सांगावं असं गाव राहिलं त्यात या नेमाचा वाटा मोठा आहे.

जायचं कधी? मे अखेर ते जून कुरणं सर्वांत हिरवी असतात. ऑगस्टमध्ये तोक्योचा उकाडा चुकवायला येणाऱ्यांची गर्दी होते. ऑक्टोबरमध्ये रशच्या नावाने जत्रा भरते. अमेरिकेतल्या ग्रामीण जत्रांच्या धर्तीची ती जत्रा, आसपासचे शेतकरी, कारागीर, शाळा सगळे माल आणि खेळ घेऊन येतात. या भागाची ओळख करून घ्यायला त्याहून चांगला दिवस नाही. हिवाळ्यात बर्फ फार पडत नाही, आकाश निरभ्र असतं आणि फुजी सर्वांत स्वच्छ दिसतो, पण थंडी हाडांत शिरते. कोणत्याही महिन्यात रात्रीसाठी एक गरम कपडा जवळ हवा. जंगलात अस्वलं आहेत, म्हणून पाठपिशवीला छोटी घंटा बांधून चालतात. कोउमी मार्गावर गाड्या तासा-दीड तासाने, कधी त्याहून उशिरा असतात, तेव्हा परतीची वेळ आधीच बघून ठेवावी. वेळ असेल तर एक स्टेशन पुढे नोबेयामापर्यंत जाऊन यावं. १,३४६ मीटरवरचं हे स्टेशन जपानच्या जेआर रेल्वेचं सर्वांत उंच स्टेशन, आणि २००७ साली जगातली पहिली हायब्रिड प्रवासी गाडी नियमित सेवेत धावली ती याच मार्गावर. नोबेयामा आणि शेजारचं कावाकामी हा सगळा लेट्यूसचा मुलूख. उन्हाळ्यात शेतकरी मध्यरात्रीनंतर दिवे लावून काढणी करतात, कारण ऊन लागण्याआधी पानं थंड करून शहराकडे रवाना करायची असतात.

मुक्काम दोन रात्रींचा तरी ठेवावा. पहिला दिवस येण्यात आणि गाई बघण्यात जातो, जंगल दुसऱ्या दिवशीच नीट भेटतं. स्नानगृह सामाईक असतं. आधी बाहेर बसून अंग साबणाने स्वच्छ धुवायचं आणि मगच गरम पाण्याच्या टाक्यात उतरायचं, साबण आत न्यायचा नाही. शाकाहारी मंडळींनी खोली ठरवतानाच तसं लिहून कळवावं, आणि नुसतं ‘मांस नको’ लिहून भागवू नये. भाजीच्या आमटीतही ‘दाशी’ हा मासळीचा अर्क असतो, तेव्हा मासे आणि दाशी दोन्ही नको, दूध आणि लोणी चालेल, असं स्पष्ट लिहावं. ऐनवेळी ताटावर बसून सांगितलं तर स्वयंपाकघराची फार धावपळ होते. आधी कळवलेलं असलं तर सोय होण्याची शक्यता कितीतरी वाढते. इथल्या मातीतल्या भाज्या आणि गोठ्यातलं दूध तर हाताशी असतंच.